शेवटचा सेक्टर कोणाचा?

प्रश्न : माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, पतसंस्थांचे अहवाल अशा बारा वर्षांच्या कामांच्या फायली एका संगणकावर ठेवल्या आहेत. त्यावर फ्रीबीएसडी आणि एक टेराबाइटची हार्ड डिस्क आहे. डिस्क बंद पडली तर काय, या काळजीने तेवढीच दुसरी डिस्क आणली. एका जुन्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे कर्नलची एक सेटिंग बदलून १६ केली आणि दोन्ही डिस्क जीमिररला जोडल्या. फायली व्यवस्थित उघडतात. पण संगणक सुरू होताना दर वेळी एक सूचना येते : जीपीटीचे दुसरे टेबल खराब आहे, फक्त पहिले वापरत आहे, दुरुस्ती करावी. भाचा म्हणतो, दुरुस्तीची आज्ञा एका ओळीची आहे, देऊन टाकू. देऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नका देऊ, आणि भाच्यालाही देऊ देऊ नका. सूचना खरी आहे, पण तिने सुचवलेला उपाय तुमच्या मांडणीला लागू नाही. तुमच्या फायली आज शाबूत आहेत आणि घाई केली नाही तर शाबूतच राहतील. तरीही ही मांडणी अशीच चालू ठेवणे बरे नव्हे. बिघाडाचे मूळ एकदा समजले की पुढची पावले सोपी होतात, म्हणून आधी मूळ सांगतो.

भांडण ५१२ बाइटचे

संगणकाच्या दृष्टीने हार्ड डिस्क म्हणजे एका रांगेत बसवलेली लहान लहान घरे. प्रत्येक घर ५१२ बाइटचे. त्याला सेक्टर म्हणतात. मोजणी शून्यापासून सुरू होते. एक टेराबाइटच्या डिस्कवर साधारणपणे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात, म्हणजे शेवटच्या सेक्टरचा क्रमांक १,९५,३५,२५,१६७. तुमच्या संगणकावरचा सगळा तंटा या एका सेक्टरवरून आहे.

पार्टिशन म्हणजे वाटणी. वाटणी केली की कोणाचा तुकडा कुठून कुठपर्यंत, हे कागदावर यावे लागते. डिस्कवरचा तो कागद म्हणजे पार्टिशन टेबल. १९८३ साली आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर डॉस २.० आले, तेव्हा हा कागद अगदी पहिल्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये ठेवायची पद्धत पडली. तिला आपण एमबीआर म्हणतो. त्यात चारच तुकड्यांची नोंद मावते, आणि आकडे लिहायला जागा कमी असल्यामुळे ५१२ बाइटच्या सेक्टरांवर ती सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढे मोजू शकत नाही.

ही अडचण जीपीटीने सोडवली. हे नाव हल्ली वेगळ्याच कारणाने कानावर पडते, म्हणून सांगतो : इथला जीपीटी म्हणजे जीयूआयडी पार्टिशन टेबल. त्याचा मथळा सेक्टर १ मध्ये आणि तुकड्यांची यादी सहसा सेक्टर २ ते ३३ मध्ये असते. शिवाय या पद्धतीत एक शहाणपण आहे. महत्त्वाच्या दस्ताची एक प्रत आपण घरात ठेवतो आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये, तशी जीपीटी आपली दुसरी प्रत डिस्कच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो. शेवटच्या ३३ सेक्टरांपैकी ३२ मध्ये यादी आणि अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये मथळा. तुमच्या डिस्कवर तो सेक्टर म्हणजे १,९५,३५,२५,१६७.

आता आरसा. एकच मजकूर दोन डिस्कवर एकाच वेळी लिहायची रीत जुनी आहे. १९८८ मध्ये बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कात्झ यांनी रेड ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी या रीतीला पहिली पातळी असा क्रमांक दिला. म्हणून तिला आजही रेड-१ म्हणतात. आरशालाही स्वतःची नोंद कुठेतरी ठेवावी लागते : आरशाचे नाव काय, त्यात किती डिस्क, ही डिस्क त्यांतली कोणती, कोणाची प्रत ताजी. फ्रीबीएसडीचा जीमिरर ही सारी नोंद एका सेक्टरमध्ये बसवतो आणि त्यासाठी शेवटचा सेक्टर घेतो. त्यामागे कारण आहे. सुरुवातीची जागा जशीच्या तशी राहिली तर आरशातली कुठलीही डिस्क एकटीनेही बूट होऊ शकते.

जीमिरर पावेल याकुब दाविदेक यांनी लिहिला आणि तो फ्रीबीएसडी ५.३ मध्ये, २००४ साली आला. त्या वेळी बहुतेक पीसींवर एमबीआरच होता, आणि एमबीआरला डिस्कच्या शेवटाशी काही देणेघेणे नसते. त्यामुळे शेवटचा सेक्टर घेऊन जीमिररने कोणाचे काही हिरावले नव्हते. जीपीटीनेही आपली दुसरी प्रत विचारपूर्वकच टोकाला ठेवली. दोघांचेही वागणे आपापल्या जागी रास्त आहे. तंटा होतो तो दोघांना एकाच डिस्कची तीच हद्द मिळाली की.

तुमच्या संगणकावर काय घडले

तुमच्या पहिल्या डिस्कवर जीपीटी आधीपासून होता. तुम्ही ती सबंध डिस्क आरशाला दिलीत. जीमिररने आपली नोंद शेवटच्या सेक्टरमध्ये लिहिली आणि तिथला जीपीटीचा दुसरा मथळा पुसला गेला. पहिली प्रत सुरुवातीला सुखरूप आहे, म्हणून पार्टिशने दिसतात, फायली उघडतात. कर्नल दर वेळी दोन्ही प्रती ताडून पाहतो, दुसरी सापडत नाही, आणि तो तसे सांगतो.

इथे त्या १६ आकड्याचाही उलगडा करायला हवा. वापरात असलेल्या डिस्कवर बाहेरून कोणी लिहू नये म्हणून फ्रीबीएसडीने कुलूप घातलेले असते. १६ ने तुम्ही ते कुलूप काढलेत. निर्मात्यांनी या सेटिंगला दिलेल्या नावाचा अर्थच ‘स्वतःच्या पायावर गोळी झाडण्याची मुभा’ असा आहे. कुलूप लागलेले असते तर जीमिररने तिथेच नकार दिला असता आणि तुम्हाला थांबून विचार करावा लागला असता. एखाद्या मार्गदर्शनात हा आकडा दिसला, तर पुढच्या पायरीत चालू डिस्कवर काहीतरी लिहिले जाणार आहे असे समजा आणि आधी बॅकअप घ्या.

दुरुस्तीची ती एक ओळ काय करील?

‘जीपार्ट रिकव्हर’ ही आज्ञा सुरुवातीची प्रत वाचते आणि तिच्यावरून शेवटची प्रत पुन्हा लिहिते. आरसा चालू असताना फ्रीबीएसडी मूळ डिस्कला सहसा हात लावू देत नाही. पण भाच्याने पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि तिथे जीमिरर चालू नसेल, तर हा पहारा उरत नाही. आज्ञा शेवटच्या सेक्टरमध्ये जीपीटीचा मथळा लिहील आणि आरशाची नोंद पुसेल.

दोन्ही डिस्कवर हे झाले तर पुढच्या वेळी आरसाच सापडणार नाही. बूट होताना संगणक आरशाच्या नावाने पार्टिशन शोधील, ते मिळणार नाही, आणि तो मुख्य (रूट) पार्टिशनपाशी अडून बसेल. ऐकायला हे भयंकर वाटते, पण यातून सुटता येते. फायली जागच्या जागी असतात. पार्टिशन आरशाच्या नावाऐवजी डिस्कच्या नावाने उघडले की मिळतात.

त्याहून वाईट म्हणजे एकाच डिस्कवर ही दुरुस्ती होणे. मग एक डिस्क आरशात राहते आणि दुसरी सुटी होते. संगणक कधी या डिस्कवरून तर कधी त्या डिस्कवरून चालू शकतो, आणि तुमच्या लक्षातही येत नाही. सोमवारचे काम एका डिस्कवर, मंगळवारचे दुसरीवर. महिन्याभराने कोणीतरी सुटी डिस्क पुन्हा आरशाला जोडतो आणि जिच्यावर कमी काम झाले आहे ती डिस्क दुसरीवर उतरते. आरसा आपले काम प्रामाणिकपणे करतो, आणि तुमचे महिन्याचे काम पुसून टाकतो. म्हणूनच मी सुरुवातीलाच नको म्हटले.

हीच दुरुस्ती मूळ डिस्कऐवजी आरशावर केली तर? आरसा मूळ डिस्कपेक्षा एका सेक्टरने लहान असतो. म्हणजे जीपीटीची दुसरी प्रत एका घराने अलीकडे सरकवावी लागते. शेवटचे पार्टिशन अगदी काठापर्यंत नेलेले असेल तर तेवढीही जागा नसते. जागा असलीच, तरी मूळ डिस्क पाहणाऱ्या कुठल्याही साधनाला दुसरी प्रत शेवटच्या सेक्टरमध्ये नाही असेच दिसणार, आणि ते पुन्हा ‘दुरुस्त करू का’ असे विचारणार. एखाद्या दिवशी कोणीतरी हो म्हणेल.

मग योग्य मांडणी कोणती?

आधी वाटणी, मग आरसा. दोन्ही डिस्कवर जीपीटी स्वतंत्रपणे बनवायचा, दोन्हींवर सारख्या मापाची पार्टिशने पाडायची, आणि आरसा सबंध डिस्कचा न करता जोडीजोडीने पार्टिशनांचा करायचा. मग जीमिररची नोंद त्या त्या पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये जाते. डिस्कच्या टोकाचे ३३ सेक्टर कुठल्याच पार्टिशनमध्ये येत नाहीत, त्यामुळे जीपीटीची दुसरी प्रत आपल्या जागी राहते आणि दोघांमध्ये पक्का बांध पडतो.

उलटी मांडणी, म्हणजे सबंध डिस्कचा आरसा आणि त्याच्या आत वाटणी, चालते ती एमबीआर असेल तेव्हा. फ्रीबीएसडीच्या अधिकृत हँडबुकातही सबंध डिस्कच्या आरशासाठी एमबीआर वापरला आहे आणि जीपीटी असलेली सबंध डिस्क जीमिररला देऊ नये असे सांगितले आहे. पण २.२ टेराबाइटची मर्यादा तिथे आहेच. उद्या तुम्ही चार टेराबाइटच्या डिस्क घ्याल तेव्हा ही वाट बंद होईल. म्हणून आताच पहिली मांडणी करा.

दुरुस्तीची पायरी-पायरी

पहिली पायरी, तिसरी डिस्क. बाहेरून जोडायची एक डिस्क घ्या आणि सगळ्या फायली तिच्यावर उतरवा. मग त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा; जुन्यातली जुनी फाइल आणि कालची फाइल दोन्ही. उघडून न पाहिलेला बॅकअप धरू नका.

दुसरी पायरी, ओळख. ‘जीमिरर स्टेटस’ विचारा. उत्तर ‘कम्प्लीट’ आले तरच पुढे चला. दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक, म्हणजे लेबलवर छापलेले सीरियल नंबर, आणि फ्रीबीएसडीने त्यांना दिलेली नावे कागदावर लिहा. केबल बदलली की नावे बदलू शकतात. अनुक्रमांक बदलत नाही.

तिसरी पायरी, दुसरी डिस्क मोकळी करणे. ‘जीमिरर रिमूव्ह’ने ती आरशातून काढा. ही आज्ञा तिच्यावरची आरशाची नोंदही पुसते. छापखान्याचे काम पहिल्या डिस्कवर चालूच राहील.

चौथी पायरी, नवी वाटणी. मोकळ्या डिस्कवरचा जुना जीपीटी काढून नवा बनवा. बूटचे, स्वॅपचे आणि फायलींचे पार्टिशन पाडा. शेवटी शे-दोनशे मेगाबाइट जागा मोकळी सोडा. पुढे दुसऱ्या कंपनीची एक टेराबाइटची डिस्क आणलीत आणि ती थोडी लहान निघाली, तर हीच जागा तुम्हाला वाचवील.

पाचवी पायरी, आधी आरसा आणि मग फाइल सिस्टिम. हा क्रम चुकवू नका. स्वॅपच्या आणि फायलींच्या पार्टिशनवर एकेका सदस्याचे दोन आरसे बनवा, त्यांना जुन्यापेक्षा वेगळी नावे द्या, आणि फाइल सिस्टिम फायलींच्या आरशावर बनवा. पार्टिशनवर आधी फाइल सिस्टिम बनवली तर ती शेवटचा सेक्टरही आपलाच धरते. मग आरसा तिथे आपली नोंद लिहितो, आणि तोच तंटा एक मजला वर सुरू होतो.

सहावी पायरी, फायली आणि बूट. जुन्या आरशावरून सगळे नव्यावर उतरवा. माउंट करायच्या यादीत नवी नावे लिहा. संगणक सुरू होतानाच जीमिरर मोड्यूल चढते ना, हे तपासा. बूटचा कोड प्रत्येक डिस्कवर वेगळा टाकावा लागतो. बूटचे पार्टिशन आरशात नसते, त्यामुळे ते आपोआप दुसरीकडे जात नाही. पुष्कळ लोक हे विसरतात आणि पहिली डिस्क गेल्यावरच त्यांना कळते की दुसरीवरून बूटच होत नाही.

सातवी पायरी, कसोटी. संगणक बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा. नव्यावरून सुरू करा. सूचना यायची थांबली का, फायली उघडतात का, प्रिंटरला काम जाते का, ते पाहा. आठवडाभर असेच वापरा. या आठवड्यात बाहेरच्या डिस्कवर रोज बॅकअप घ्या, कारण तुमचा आरसा या काळात एकाच डिस्कचा आहे.

आठवी पायरी, जोडणी. जुनी डिस्क पुन्हा लावा, तिच्यावरचा जुना आरसा आणि जुनी वाटणी काढून टाका, नव्या डिस्कसारखीच वाटणी करा, बूटचा कोड टाका आणि तिची स्वॅपची आणि फायलींची पार्टिशने ‘जीमिरर इन्सर्ट’ने आपापल्या आरशात घाला. दिशा लक्षात ठेवा : जी आत येते ती पुसली जाते. आज्ञा देण्याआधी अनुक्रमांकाचा कागद हातात घ्या आणि मोठ्याने वाचा. भाच्याला शेजारी उभे करून त्यालाही वाचायला सांगा.

प्रश्न : माझ्याकडे लिनक्स आहे आणि आरसा एमडी-अ‍ॅडमने केला आहे. वरची भीती मला आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आहे, पण तुमची नोंद कोणत्या आवृत्तीची आहे त्यावर ती अवलंबून आहे. लिनक्सचा आरसा आपली नोंद चार प्रकारांनी ठेवतो. ०.९० आणि १.० या आवृत्त्या ती शेवटाजवळ ठेवतात, १.१ अगदी सुरुवातीला, आणि आता सहसा वापरली जाणारी १.२ सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर.

तुम्ही म्हणाल, मग १.२ ला शेवटच्या सेक्टरचा प्रश्नच नाही. खरे आहे, पण तिच्यासमोर सुरुवातीचा प्रश्न आहे. ४ किलोबाइट म्हणजे सेक्टर ८, आणि जीपीटीची यादी सेक्टर २ ते ३३ मध्ये असते. सबंध डिस्क आरशाला दिली असेल आणि तिच्या टोकाला पूर्वीच्या जीपीटीची प्रत विसरून राहिली असेल, तर मदरबोर्डचे फर्मवेअर किंवा एखादे पार्टिशनचे साधन ‘पहिली प्रत हरवली आहे’ असे समजून शेवटच्यावरून ती पुन्हा लिहू शकते. तसे झाले की सेक्टर ८ मधली आरशाची नोंद गेली. म्हणून वापरलेली डिस्क आरशात घालण्याआधी तिची दोन्ही टोके कोरी करा. आणि तुमच्यासाठीही सल्ला तोच : आधी वाटणी, मग पार्टिशनांचा आरसा.

०.९० बद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण जुन्या संगणकांवर ती अजून भेटते. एमबीआरच्या डिस्कवर शेवटचे पार्टिशन डिस्कच्या काठापर्यंत गेले असेल, तर पार्टिशनचा शेवट आणि डिस्कचा शेवट एकच. मग तिथली नोंद पार्टिशनच्या आरशाची की सबंध डिस्कच्या, हे संगणकाला ठरवता येत नाही. फ्रीबीएसडीच्या जीमिररने यावर तोड म्हणून नोंदीतच मूळ जागेचे माप लिहायला सुरुवात केली. जीपीटीमध्ये टोकाचे ३३ सेक्टर मध्ये येत असल्यामुळे हा घोळ होतच नाही.

यूईएफआयचे बूट पार्टिशन आरशात ठेवायचे असेल तर नोंद १.० ची ठेवतात, कारण फर्मवेअरला आरसा समजत नाही. त्याला तिथे साधे पार्टिशन दिसायला हवे. पण फर्मवेअरने एकाच बाजूला काही लिहिले तर दोन्ही प्रती वेगळ्या होतात. माझे मत असे की हे पार्टिशन आरशाबाहेर ठेवावे आणि बदल झाला की हाताने दोन्हीकडे उतरवावा.

प्रश्न : प्रत्येक पार्टिशनचा वेगळा आरसा केला तर काम मंदावत नाही का? त्यापेक्षा झेडएफएस बरे नाही का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : रोजच्या कामात फरक जाणवत नाही. फरक पडतो तो डिस्क बदलताना. चार पार्टिशनांचे चार आरसे एकाच वेळी भरू लागले, तर फिरत्या डिस्कचे वाचणारे टोक या तुकड्यावरून त्या तुकड्यावर धावत राहते आणि तासांचे काम लांबते. लिनक्स हे ओळखतो आणि एकाच डिस्कवरचे बाकीचे आरसे रांगेत थांबवतो. जीमिररवर काम करताना आपणच पार्टिशने एकामागून एक घालावीत आणि मुळात मोजकीच ठेवावीत. साताऱ्याच्या वाचकांसाठी स्वॅप आणि फायली एवढे दोन आरसे पुरेत.

झेडएफएसबद्दल तुमचे म्हणणे योग्य आहे. नवा संगणक उभारत असाल आणि मेमरी पुरेशी असेल तर फ्रीबीएसडीवर मी झेडएफएसच सुचवीन. दोन प्रतींत फरक पडला तर कोणती खरी हे ते तपासबेरजेवरून ओळखते. साध्या आरशाला ते कळत नाही. पण झेडएफएसलाही नोंद ठेवावी लागते. ते २५६ किलोबाइटच्या चार नोंदी ठेवते, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी. म्हणून त्यालाही जीपीटीच्या पार्टिशनमध्येच बसवावे. साधन बदलले तरी हद्दीचा नियम बदलत नाही.

साताऱ्याच्या वाचकांना शेवटचे : काम संपले की एका कागदावर चार ओळी लिहा. खाली डिस्क, तिच्यावर जीपीटी, त्यातल्या पार्टिशनवर आरसा, आरशावर फाइल सिस्टिम. शेजारी दोन्ही डिस्कचे अनुक्रमांक आणि तारीख. तो कागद संगणकाच्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. काही वर्षांनी एखादी डिस्क बंद पडेल, तुम्ही कदाचित गावाला गेलेले असाल, आणि झाकण भाचाच उघडील. पडद्यावर ‘दुरुस्ती करावी’ असे काहीही आले तरी, आधी काय वाचायचे हे त्याला तिथेच मिळेल.